‘हेल्प’ छापणारा प्रिंटर : वसतिगृहातल्या एका स्कॅनचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून कॉलेज, गाव आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग जसा घडला तसा आहे.)

कॉलेजचं संगणकांचं जाळं मी सांभाळतो. संध्याकाळी सव्वासातला परीक्षा विभागातल्या मॅडमचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाचा पेपर होता. आमच्याकडे प्रश्नपत्रिका ऑनलाइन येते आणि परीक्षा विभागातल्या एका प्रिंटरवर छापली जाते. त्यामुळे त्या खोलीतून संध्याकाळी फोन आला की माझ्या पोटात आधीच गोळा येतो.

“सर, प्रिंटर आपोआप छापतोय.”

“काय छापतोय?”

“पहिलं पान कोरं. दुसऱ्यावर इंग्रजीत एक ओळ. आणि आत्ता एक आलंय, त्यावर फक्त ‘हेल्प’ लिहिलंय. सर, तुम्ही या हो.”

मी पोहोचलो तेव्हा मॅडमनी प्लग उपसून ठेवला होता आणि सतरा पानं टेबलावर ओळीने मांडली होती. पुराव्याची अशी मांडणी मी नंतर कुठल्या तज्ज्ञाकडेही पाहिली नाही. एकेका पानावर वर डाव्या कोपऱ्यात एक-दोन ओळी, बाकी कागद रिकामा. काहींवर नुसती चौकटी-चिन्हांची खिचडी. शिपाईमामा दारात उभे. त्यांचा प्रश्न सरळ होता, “पेपर फुटला का?”

पेपर फुटला नव्हता, कारण तो अजून आलाच नव्हता. पण मला तेव्हा तेही छातीठोकपणे सांगता येईना.

सुटका केली ती नवव्या की दहाव्या पानाने. त्यावर ‘ऑप्शन्स’ हा शब्द, पुढे ‘सिप’ आणि ‘एनएम’ ही अक्षरं होती. आणखी एका पानावर टक्क्याच्या खुणांनी तोडलेली एक ओळ होती. खुणा काढून वाचली तर ‘नाइस पोर्ट्स, ट्रिनिटी’. हे वाचलं आणि मी खुर्चीत बसलो. ही ओळ एनमॅपची, म्हणजे जाळ्यावर कुठली यंत्रं आणि सेवा चालू आहेत ते तपासणाऱ्या साधनाची. समोरचा वेब सर्व्हर नसलेलं पान मागितल्यावर काय उत्तर देतो ते बघायला एनमॅप मुद्दाम एक न सापडणारा पत्ता मागतो, आणि तो पत्ता लिहिताना त्याच्या निर्मात्यांनी गंमत करून ठेवली आहे. म्हणजे कोणीतरी आमच्या जाळ्यावर आवृत्ती-शोधाचा स्कॅन, म्हणजे कुठल्या यंत्रावर कोणती सेवा कोणत्या आवृत्तीची आहे याची तपासणी, चालवत होतं. दरोडेखोर असता तर इतका गाजावाजा केला नसता, हा विचार तेव्हाच मनात आला. पण मॅडमना ते सांगून उपयोग नव्हता.

प्रिंटर का छापतो, हे इथेच सांगतो. पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या एकेका सेवेचा क्रमांक, त्यावर बाहेरून जोडणी करता येते. नेटवर्क प्रिंटरचं ९१०० नंबरचं पोर्ट अगदी भोळं असतं. ना नाव, ना पासवर्ड. जोडणी करून जे काही पाठवाल ते तो कागदावर उतरवतो. एनमॅप मात्र उघडं पोर्ट दिसलं की तिथे कोणती सेवा आहे हे ओळखायला एकामागून एक वेगवेगळ्या हाका मारतो. आधी दोन नुसते एन्टर, मग वेब सर्व्हरशी बोलावं तसं, मग ‘हेल्प’, मग फोन यंत्रणेच्या भाषेत. दर हाकेला नवी जोडणी आणि काही सेकंदांची वाट. आपल्या दृष्टीने हाक, प्रिंटरच्या दृष्टीने छपाईचं काम. नव्या मशीन त्यांच्या भाषेत ओळख विचारली की उत्तर देतात आणि विषय तिथेच संपतो. कॅम्पसवरचे बाकीचे प्रिंटर म्हणूनच गप्प होते. परीक्षा विभागातला जुना. तो उत्तर देत नव्हता, नुसता ऐकून घेत होता आणि छापत होता.

शोध घ्यायला तासभरही लागला नाही. आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरची यादी उघडली. त्या वेळेच्या नोंदींमध्ये एका यंत्राचा हार्डवेअर पत्ता शून्य-आठ, शून्य-शून्य, सत्तावीस असा सुरू होत होता. हा आरंभ व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालणाऱ्या आभासी यंत्रांचा, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांचा. यंत्राचं नाव ‘काली’. माझ्या खांद्यावरून बघणाऱ्या कार्यालय अधीक्षकांनी विचारलं, “ही काली कोण? कुठल्या वर्गातली?” स्विच म्हणजे आवारातल्या तारा जिथे जोडल्या जातात ते यंत्र. त्याच्या तक्त्यात तो पत्ता मुलांच्या वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका सॉकेटवर निघाला. रेक्टरना घेऊन गेलो.

तिसऱ्या वर्षाचा, कॉम्प्युटरचा मुलगा. दार उघडलं तेव्हा स्क्रीनवर स्कॅन अजून पळत होता. पळून जायचं, लॅपटॉप मिटायचं त्याच्या मनातही आलं नाही. उलट चेहऱ्यावर आनंद. “सर, आपल्याकडे तीनशेच्या वर डिव्हाइस आहेत, माहितीये?” मग रेक्टर दिसले आणि आवाज खाली आला. “सर, मी काही केलं नाही. मी फक्त बघत होतो.”

हे ‘फक्त बघत होतो’ मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की त्यावरच हे प्रकरण लिहायला घेतलं. नवशिक्यांना टेहळणी, म्हणजे रेकॉनेसन्स, शिकवताना सगळे दाराचा दृष्टान्त देतात. रस्त्यावरून जाताना कुणाचं दार उघडं आहे ते बघायचं, आत जायचं नाही. मला तो दृष्टान्त पटत नाही. नेटवर्कवर दुरून बघता येतच नाही. पोर्ट उघडं आहे हे कळण्यासाठी तुम्हाला पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवावं लागतं आणि पलीकडच्या यंत्राला त्याचं काहीतरी करावं लागतं. बहुतेक यंत्रं ते निमूट करतात म्हणून बघितल्यासारखं वाटतं, इतकंच. खरोखर नुसतं बघायचं असेल तर वेगळी साधनं आहेत. डोमेनच्या नोंदी, नावांचे तक्ते, कुठल्या नावाला कधी प्रमाणपत्र मिळालं त्याच्या सार्वजनिक याद्या. तिथे लक्ष्याच्या यंत्राला हातही लागत नाही. पण त्या भागाचा व्हिडिओ कंटाळवाणा असतो, आणि पोरं थेट एनमॅपवर उडी मारतात.

त्या रात्री मी त्याच्याकडून ओरडा न करता एकच गोष्ट मागितली. आज नाही, पहिल्या दिवसापासून काय काय केलंस ते क्रमाने सांग. त्यातून जे निघालं ते मला त्या सतरा पानांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

त्याने दोन आभासी यंत्रं बसवली होती. एक काली लिनक्स, हल्ला शिकायला. दुसरं मेटास्प्लॉइटेबल २, मार खायला. सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं जुनं लिनक्स. दोन्ही बसवल्यावर एकातून दुसरं दिसेना. दिसणारच नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या नॅट पद्धतीत प्रत्येक यंत्र आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं. दोघांनाही एकच पत्ता मिळतो, १०.०.२.१५. पोराने दोन दिवस डोकं फोडलं. मग कुणीतरी सांगितलं, ब्रिज्ड कर. केलं आणि जादू झाली, दोन्ही एकमेकांना दिसायला लागली. ती का दिसली हे त्याने विचारलं नाही. ब्रिज्ड केल्यावर दोन्ही यंत्रं त्याच्या लॅपटॉपमधून बाहेर पडून थेट कॉलेजच्या जाळ्यात येऊन बसली होती, आमच्याच सर्व्हरकडून पत्ते घेऊन.

आता पुढचं. पुस्तकी धड्यात लिहिलेलं असतं, ‘आपल्या लॅबची रेंज स्कॅन करा’. त्याने स्वतःच्या यंत्राचा पत्ता बघितला, शेवटी तिरकी रेघ आणि बावीस होते, तीच रेंज टाकली. बावीसची रेंज म्हणजे १,०२४ पत्ते. त्याच्या हिशोबी ती त्याची लॅब होती. प्रत्यक्षात त्यात वसतिगृह, लायब्ररी, अर्धं कार्यालय आणि परीक्षा विभाग होता.

आणि कमांड. ती मी त्याच्या वहीत बघितली, लाल पेनाने चौकट केलेली. एनमॅप, डॅश एसव्ही (म्हणजे आवृत्ती-शोध), डॅश डॅश ऑलपोर्ट्स. मी विचारलं, हे शेवटचं काय? म्हणाला, “सगळी पोर्ट्स, सर. पासष्ट हजार पाचशे पस्तीस.”

नावावरून कुणालाही तसंच वाटेल. पण त्या पर्यायाचा अर्थ तो नाही. सगळी पोर्ट्स तपासायला डॅश पी डॅश लागतं. एनमॅपच्या निर्मात्यांना प्रिंटरचा भोळेपणा माहीत आहे, म्हणून आवृत्ती-शोधाच्या यादीत ९१०० ते ९१०७ ही पोर्ट्स मुळातच वगळलेली असतात. ‘ऑलपोर्ट्स’ म्हणजे, ती वगळणूक काढून टाक, प्रिंटरलाही सोडू नकोस. म्हणजे पोराला हवी होती पासष्ट हजार पोर्ट्स. मिळाली नेहमीचीच सर्वांत प्रचलित एक हजार, त्यात ९१०० आहेच. आणि जे एक संरक्षण आयतं मिळालं होतं तेवढं त्याने स्वतःच्या हाताने काढलं. १ सप्टेंबर १९९७ ला गॉर्डन लायनने, म्हणजे फ्योडोरने, हे साधन जगासमोर ठेवलं. त्याची माहितीपुस्तिका सोबतच येते. हा पर्याय तिथे एका छोट्या परिच्छेदात समजावलेला आहे. वाचायला दोन मिनिटं. मी तिथेच त्याला मोठ्याने वाचायला लावला. वाचता वाचता ‘प्रिंटर’ शब्द आला आणि तो थांबला.

मेटास्प्लॉइटेबलचं मात्र रात्री घरी गेल्यावर लक्षात आलं आणि मी परत गेलो. ते यंत्र अकरा दिवस कॉलेजच्या जाळ्यात उघडं पडलं होतं. त्यात व्हीएसएफटीपीडी या फाइल-देवाणघेवाणीच्या सर्व्हरच्या २.३.४ आवृत्तीची ती बदनाम प्रत आहे. २०११ मध्ये तिच्या मूळ फाइलमध्येच कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. वापरकर्त्याच्या नावात हसऱ्या चेहऱ्याची खूण टाकली की ६२०० पोर्टवर मालकी हक्काचं शेल, म्हणजे यंत्राला हवी ती आज्ञा देणारी खिडकी, हजर. वसतिगृहात चारशे मुलं, त्यातल्या दहा-बारांना हे माहीत असणार. त्या यंत्राचा ताबा घेऊन तिथून कुणी पुढे काय केलं असतं, त्याचा आळ याच्यावर आला असता. नोंदी चाळल्या, तसं काही झालेलं दिसलं नाही. पण आमच्या नोंदी तीस दिवसांच्याच होत्या, आणि त्याही सगळ्या स्विचच्या नाहीत.

इथे माझी बाजू सांगायला हवी. वसतिगृहातल्या सॉकेटवरून परीक्षा विभागाचा प्रिंटर दिसतोच कसा? दिसत होता कारण जाळं सपाट होतं, म्हणजे सगळे विभाग एकाच जाळ्यात होते. वेगळं करायचं गेली तीन वर्षं माझ्या यादीत होतं. बजेट नाही, सुट्टी नाही, पुढच्या सत्रात करू. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस ठेवायला हव्यात, माझ्याकडे तीस. त्याच निर्देशांत घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे, आणि कळवायच्या घटनांच्या यादीत पहिलीच ओळ महत्त्वाच्या यंत्रणांवर नेम धरून केलेल्या स्कॅनिंगची आहे. आमचा प्रिंटर महत्त्वाची यंत्रणा की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा मी त्याच रात्री मेल टाकून मोकळा झालो. कॉलेजला समिती बोलवायलाच दोन दिवस लागले.

समितीचं फार लांबवत नाही. परीक्षा अधिकाऱ्यांना पोलिसांत तक्रार हवी होती, विभागप्रमुखांना निलंबन. रेक्टरना प्रकरण वसतिगृहाबाहेर जायला नको होतं. कॉलेजच्या वकिलांनी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पुढे ठेवला. कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत प्रवेश, अडथळा, नुकसान यासाठी भरपाई आहे. कलम ६६ मध्ये तीच कृत्यं अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कपट इथे दिसत नव्हतं. परवानगी मात्र नव्हतीच, आणि ‘माझा हेतू चांगला होता’ हे वाक्य कलम ४३ मध्ये फारसं कामाचं नाही.

मुलगा मात्र तयारी करून आला होता. लेखी खुलाशात त्याने एक अमेरिकन खटला जोडला होता. मला ते आवडलं, बाकीच्यांना उद्धटपणा वाटला. खटला असा. जॉर्जिया राज्यातल्या चेरोकी काउंटीच्या ९११ या आपत्कालीन फोन सेवेच्या केंद्राच्या संगणकांचं काम स्कॉट मोल्टन नावाच्या माणसाकडे होतं. डिसेंबर १९९९ मध्ये पोलिसांकडे जाणाऱ्या जोडणीची सुरक्षितता बघायला त्याने पोर्ट स्कॅन केला. स्कॅन सरकत सरकत काउंटीच्या वेब सर्व्हरपर्यंत गेला, आणि तो सर्व्हर व्हीसी३ या दुसऱ्याच कंपनीचा होता. त्यांनी विचारणा केली, त्याने लगेच थांबवून खुलासा पाठवला. तरीही तक्रार झाली, पुढे अटक झाली. नोव्हेंबर २००० मध्ये संघीय न्यायालयाने दिवाणी दाव्यात त्याच्या बाजूने म्हटलं की स्कॅनमुळे सर्व्हरची अखंडता किंवा उपलब्धता बिघडली नाही, म्हणजे कायद्याच्या अर्थाने नुकसान नाही.

“म्हणजे पोर्ट स्कॅन गुन्हा नाही, सर.”

मी म्हटलं, नीट वाच. एक तर ते न्यायालय जॉर्जियाचं, कायदा तिथला. दुसरं, तो माणूस सुटला कारण काही बिघडलं नव्हतं. तुझ्या प्रकरणात परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी परीक्षेचा प्रिंटर बंद करावा लागला, रांगेतली कामं अडकली, सतरा कागद गेले. तू आणलेला खटला तुझ्याच विरुद्ध जातो. तिसरं, सुटायला त्याचे वकिलांवर सहा आकडी डॉलर गेले. आणि त्याच्याकडे तर करार होता! फक्त करार एका यंत्राशी संपत होता आणि स्कॅन पुढच्यावर गेला. तुझ्याकडे काय आहे? मुलगा काही बोलला नाही. विभागप्रमुख पहिल्यांदाच कागदातून वर बघून म्हणाले, “मग तुम्ही म्हणता काय, करायचं काय?”

शेवटी ठरलं ते असं. सॉकेट एक महिना बंद. मॅडमची समक्ष भेटून माफी. ती त्याने मागितली, आणि मॅडमनी त्याला वर चहा पाजला. आणि माझी एक अट होती, ती परीक्षा अधिकाऱ्यांना मुळीच पसंत नव्हती. हाच स्कॅन याने पुन्हा करायचा, परवानगी काढून.

परवानगीपत्राचा पहिला मसुदा अडीच ओळींचा होता. ‘कॉलेजच्या नेटवर्कची सुरक्षा चाचणी करण्यास परवानगी मिळावी.’ मी तो परत केला. कॉलेजचं नेटवर्क म्हणजे कुठलं? आवारात बँकेचं एटीएम आहे, त्याची तार आमच्या खोलीतून जाते पण ते आमचं नाही. इंटरनेट कंपनीचा राउटर आमच्या रॅकमध्ये आहे, तोही आमचा नाही. वेबसाइट भाड्याच्या सर्व्हरवर आहे, तिथे आणखी कुणाकुणाच्या साइट असतील. यातल्या एकाचीही परवानगी प्राचार्य देऊ शकत नाहीत. दुसऱ्या मसुद्यात रेंज आल्या. तिसऱ्यात वगळायचे पत्ते आले : सगळे प्रिंटर, परीक्षा विभाग, बायोमेट्रिक हजेरी, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर. मग वार आणि वेळ, रविवार सकाळी सहा ते दहा. कुठल्या पत्त्यावरून स्कॅन येणार. काही बिघडलं तर फोन कुणाला, आणि ‘थांब’ म्हटल्यावर किती वेळात थांबणार. मिळालेली माहिती कुठे ठेवणार आणि कधी पुसणार. चौथ्या मसुद्यावर प्राचार्यांनी सही केली. मुलगा म्हणाला, “सर, स्कॅनला चार तास आणि कागदाला नऊ दिवस.” धंद्यात साधारण हेच प्रमाण असतं, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते थट्टा वाटलं.

मधल्या महिन्यात सराव बंद नव्हता. मोडीतले तीन संगणक आणि एक जुना स्विच दिला, आणि त्या स्विचची वर जाणारी तार मी स्वतः पकडीने कापली. बाहेरचं यंत्र हवं असेल तर एनमॅपवाल्यांनीच ‘स्कॅनमी’ नावाचं एक उघडं ठेवलंय. दिवसात थोडे स्कॅन चालतील, शंभर नकोत, असं त्यांनी तिथे लिहून ठेवलं आहे. लॅपटॉपवरची दोन्ही यंत्रं होस्ट-ओन्लीवर आली, म्हणजे लॅपटॉपच्या आतच एकमेकांशी बोलू लागली. यूडीपीचा, म्हणजे आधी जोडणी न करता पाठवायच्या पॅकेटांचा, पूर्ण स्कॅन लावून रात्रभर वाट बघायचा अनुभवही त्याने घेतला. लिनक्स यंत्र बंद पोर्टची उत्तरं सेकंदाला एकच देतं, त्यामुळे सगळी पोर्ट्स धरली तर हिशोब अठरा तासांच्या वर जातो. सकाळी डोळे चोळत आला तेव्हा म्हणाला, आता मी आधी गुणाकार करून बघतो.

रविवारचा स्कॅन शांतपणे झाला. आधी फक्त कोण जागं आहे ते, मग मोजकी पोर्ट्स, वेगाला लगाम घालून, आणि आवृत्ती-शोध शेवटी, तोही हलका. सात जुन्या स्विचवर टेलनेट, म्हणजे पासवर्डही उघडा पाठवणारी जुनी जोडणी, उघडं निघालं. लायब्ररीच्या यंत्रांवर फाइल शेअरिंगची जुनीच पद्धत चालू होती. अहवालाचा पहिला मसुदा चौसष्ट पानांचा, सगळा साधनाने ओकलेला मजकूर. तो चार पानांवर आणायला त्याला स्कॅनपेक्षा जास्त घाम फुटला. प्राचार्यांनी त्यातलं शेवटचं पान वाचलं, ज्यावर कुणी काय कधीपर्यंत करायचं ते होतं, आणि त्यात चार ठिकाणी माझं नाव होतं. प्रिंटर वेगळ्या जाळ्यात गेले, ९१०० वर आता फक्त प्रिंट सर्व्हर बोलू शकतो. तीन वर्षं जे बजेट मिळत नव्हतं ते ‘हेल्प’ छापलेल्या कागदाने तीन आठवड्यांत मिळवून दिलं.

तो मुलगा आता शेवटच्या वर्षाला आहे आणि दर सत्रात एक रविवार खालच्या वर्गातल्या दोघा-तिघांना घेऊन स्कॅन करतो. शनिवारी दुपारी परीक्षा विभागात जाऊन मॅडमना सांगायचा त्याचा नेम आहे. त्यांचा प्रिंटर वगळलेला आहे, दुसऱ्या जाळ्यात आहे, तिथे पॅकेट पोहोचूच शकत नाही, हे त्याने त्यांना फळ्यावर आकृती काढून समजावलंय. मॅडम सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि तो गेला की प्रिंटरचा कागदाचा ट्रे काढून कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकतात.